सुकती : चोवीस जणांच्या एका किनारी पायपिटीचे प्रकरण

दोन वर्षांपूर्वीच्या माघी पौर्णिमेला सकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी आमच्या गावचे २४ जण रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील वेळणेश्वरच्या वाळूच्या पुळणीवरून दक्षिणेला हेदवीच्या दिशेने चालू लागले. ऊन कोवळे होते, ओली वाळू पायाखाली टणक लागत होती आणि डाव्या हाताला माडांची रांग होती. त्यानंतर जेमतेम दोन तास झाले होते, तोच यांतले १५ जण खडकाच्या दोन टोकांमधल्या, जेमतेम शंभर पावले लांबीच्या वाळूच्या पट्ट्यावर अडकले. पुढचा रस्ता पाण्याखाली गेला होता, मागचाही जात होता आणि पाठीशी जांभ्या दगडाचा उभा कडा होता. त्या दिवशी कोणाचाही जीव गेला नाही. पण तो गेला नाही यात आमच्या नियोजनाचा वाटा फारच थोडा होता, आणि म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. या सहलीचा आयोजक मीच होतो.

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यात आहे. गावच्या वाचनालयातर्फे दरवर्षी कापसाची शेवटची वेचणी आणि तुरीची मळणी आटोपली की एक सहल निघते. त्या वर्षी समुद्र पाहायचा ठरला. २४ जणांपैकी १९ जण आयुष्यात पहिल्यांदाच समुद्र पाहणार होते. सर्वात लहान मुलगा १४ वर्षांचा होता आणि सर्वात वयस्कर आजी ६६ वर्षांच्या. बायका ११ होत्या आणि त्यांतल्या बहुतेक रोजच्या कष्टाच्या, दिवसभर वावरात वाकून वेचणी करणाऱ्या. चालण्याची भीती कोणालाच नव्हती. आमच्यातले दहा-बारा जण दरवर्षी पायी शेगावला जातात. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून कामे करणाऱ्या माणसांना फेब्रुवारीतल्या किनाऱ्यावरचे आठ-दहा किलोमीटर म्हणजे काय, असेच सर्वांना वाटले आणि मलाही तसेच वाटले. पुढे जे घडले त्याची सुरुवात या आत्मविश्वासात आहे. तो आत्मविश्वास खोटा नव्हता, फक्त तो दुसऱ्या भूमीवर मिळवलेला होता.

नियोजनाच्या बैठकीत तीन गोष्टी ठरल्या. पहिली म्हणजे पौर्णिमा गाठायची, कारण चांदण्यातला समुद्र पाहण्याची सर्वांना हौस होती. दुसरी म्हणजे चालायचे ते सकाळी, ऊन चढायच्या आत. तिसरी म्हणजे माणशी एक लिटर पाणी पुरे, कारण वाटेत वस्ती लागेलच. हे तिन्ही निर्णय विदर्भात घेतले असते तर योग्यच ठरले असते, कारण आमच्याकडे उन्हाळ्याच्या तोंडावर पायी निघणाऱ्याचा एकच शत्रू असतो आणि तो म्हणजे सूर्य. किनाऱ्यावर चालणाऱ्याचे घड्याळ मात्र चंद्राच्या हाती असते. आमच्या प्रत्येकाच्या घरात भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली आहे. एकादशी कधी, संकष्टी कधी, अमावस्येला बैल जुंपायचे की नाही, हे आमच्या बायाबापड्यांना तोंडपाठ असते. त्याच तिथीच्या चौकटीत समुद्राचे वेळापत्रकही लिहिलेले असते, हे आम्हाला माहीत नव्हते.

एका शब्दाने केलेला घात

आदल्या संध्याकाळी आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो, त्या घरमालक काकांनी आम्हाला स्पष्ट सावध केले होते. जेवणे झाल्यावर ओटीवर बसून ते म्हणाले, "आठपर्यंत सुकती आहे. मग कडेकडेने जाऊ नका." मी मान डोलावली आणि आत येऊन सर्वांना निरोप दिला. मी काय निरोप दिला, ते जसेच्या तसे सांगतो. "आठपर्यंत सुकते, तोवर घाई करायची नाही. आणि कड्याच्या काठाने चालायचे नाही, खालून पाण्याच्या बाजूने चालायचे."

कोकणात भरतीच्या उलट जी ओहोटी, तिला सुकती म्हणतात. तो शब्द मी तोपर्यंत कधीच ऐकला नव्हता. मला वाटले, रात्रीच्या दवाने खडक निसरडे होत असतील आणि ते आठपर्यंत सुकत असतील. आमच्याकडेही दव असेपर्यंत वेचणीला हात घालत नाहीत, कारण ओला कापूस काळा पडतो. त्यामुळे हा अर्थ मला इतका स्वाभाविक वाटला की पुन्हा विचारण्याची गरजच भासली नाही. "कडेकडेने" याचा त्यांचा अर्थ होता पाण्याच्या कडेने, खडकांच्या पायथ्याशी. मी तो घेतला कड्याच्या वरच्या काठाने. म्हणजे ज्या वेळेआधी जायचे होते, त्या वेळेची आम्ही वाट पाहिली आणि ज्या वाटेने जायचे नव्हते, तीच वाट सुरक्षित म्हणून निवडली. मूळ बेत सहाला निघण्याचा होता. माझ्या त्या निरोपानंतर तो सावकाश साडेसातच्या पुढे गेला आणि कोणी कुरकुरही केली नाही, कारण पहाटेचा गारवा होता आणि चहा मिळत होता.

एकच मराठी बोलणाऱ्या दोन माणसांमध्ये असा गैरसमज होऊ शकतो, याचे मला आजही नवल वाटते. काका आमच्याशी परक्या भाषेत बोलले असते तर मी नक्कीच पुन्हा विचारले असते. आपलीच भाषा आहे म्हणून मी विचारले नाही.

पुळणीपासून कोंडीपर्यंत

पहिला तास फार आनंदात गेला. मुले शिंपले वेचत होती. वाळूत बारीक खेकड्यांनी भोकाभोवती केलेल्या गोळ्यांची नक्षी पाहत आजी बराच वेळ एका जागी उभ्या राहिल्या. एवढ्यातच रांग लांबत गेली. तरुण पुढे, बायका आणि मुले मधे, आजी व दोन वयस्कर गडी मागे, असे साधारण अर्ध्या किलोमीटरचे अंतर पडले. मी मागच्यांबरोबर होतो. पुढच्यांना थांबवायला हाक पोहोचत नव्हती, कारण लाटांच्या आवाजात माणसाची हाक शंभर पावलांवरच विरते. आमच्या शिवारात संध्याकाळी दिलेली हाक दोन धुरे (बांध) ओलांडून जाते.

सव्वाआठच्या सुमारास एक गोष्ट घडली. ती आम्ही सर्वांनी पाहिली आणि कोणालाही समजली नाही. खडकांवर सात-आठ बायका उकिडव्या बसून लोखंडी टोकदार हत्याराने कालवे, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, फोडत होत्या. आमच्यातल्या कापूस वेचणाऱ्या एक काकू त्यांच्याजवळ जाऊन थोडा वेळ पाहत थांबल्या होत्या. त्या बायकांनी एकदम, जणू कोणी घंटा वाजवावी तशा, टोपल्या उचलल्या, पदर खोचले आणि वरच्या वाटेने निघून गेल्या. कोणाची टोपली भरली होती, कोणाची अर्धीच होती. नंतर काकू म्हणाल्या की अर्धी टोपली घेऊन उठणाऱ्या बाईकडे पाहून त्यांच्या मनात आले होते, पण परक्या गावात काय विचारावे म्हणून त्या गप्प राहिल्या. आमच्या वावरातून वेचणाऱ्या बायका कापसाचे अर्धेच भरलेले ओटे (कमरेच्या झोळ्या) घेऊन एकदम धुऱ्यावर येऊ लागल्या, तर रस्त्याने जाणारा परका माणूसही आभाळाकडे पाहील.

८ वाजून ४० मिनिटांनी पुढचे लोक पहिल्या खडकाळ टोकाला वळसा घालून पलीकडे गेले. खडक कोरडे होते. पलीकडे तो वाळूचा छोटा पट्टा होता आणि त्याच्यापुढे दुसरे टोक. पुढच्या नऊ जणांनी ९ वाजून १० मिनिटांच्या सुमारास घोट्याएवढ्या पाण्यातून ते दुसरे टोक पार केले. त्यांना त्यात काहीच वावगे वाटले नाही, उलट पाण्यातून चालायला मजा आली. आम्ही उरलेले १५ जण त्याच जागी ९ वाजून ४० मिनिटांनी पोहोचलो. तेव्हा पाणी गुडघ्यापर्यंत होते आणि लाट आली की कमरेपर्यंत चढत होते. मधे फक्त अर्धा तास गेला होता.

माझी सर्वात मोठी चूक यापुढची आहे. मी म्हणालो, "पुढचे गेले आहेत, आपणही जाऊ." पुढचे गेले, हे वाट सुरक्षित असल्याचे प्रमाण नसते, ते फक्त अर्ध्या तासापूर्वीचे प्रमाण असते. ५२ वर्षांच्या एका वहिनी दोघांचा हात धरून पाण्यात उतरल्या. तिसऱ्या पावलाला लाटेने त्यांचे पाय उचलले आणि त्या खडकावर आपटल्या. कालव्यांच्या कडा काचेसारख्या धारदार असतात. आधारासाठी टेकलेले त्यांचे दोन्ही तळवे चिरले गेले आणि एक चप्पल पाण्याबरोबर गेली. त्यांना ओढून मागे घेतल्यावर मी वळून पाहिले, तर ज्या पहिल्या टोकावरून आम्ही पंधरा मिनिटांपूर्वी कोरड्या पायांनी आलो होतो, त्याच्या पायथ्याशी फेस उसळत होता.

मोबाइलला रेंज नव्हती. मुलांनी हात वर करून, खडकावर चढून पाहिले. काही उपयोग झाला नाही.

आता पाणी कुठवर येणार, हा एकच प्रश्न होता. समुद्रापाशी राहणाऱ्याला तो पडत नाही, कारण उत्तर किनाऱ्यावरच लिहिलेले असते. आदल्या भरतीने आणलेला पाला, काटक्या, शेवाळ आणि कचरा एका रेषेत पडलेला असतो आणि कड्यावर ओलसर काळपट पट्टा दिसतो. आम्ही ती रेषा वाळूवर शोधू लागलो. वाळूवर ती नव्हतीच. ती कड्याच्या अंगावर होती, साधारण गुडघ्याच्या उंचीवर. याचा अर्थ उमगायला मला थोडा वेळ लागला. या पट्ट्यावर भरतीच्या वेळी कोरडी वाळू उरतच नव्हती.

इथे आम्हाला ज्यांनी वाचवले, त्या कापूस वेचणाऱ्या काकू. आम्ही सर्व समुद्राकडे पाहत होतो, त्या एकट्या कड्याकडे पाहत होत्या. कड्याच्या एका कोपऱ्यात, जिथे पावसाळ्यात पाण्याचा पऱ्या वाहत असावा, तिथे करवंदीच्या जाळीखाली त्या वाकल्या आणि म्हणाल्या, "गुर्जी, लेंड्या पाहा. बकऱ्या उतरतेत येथून. बकरी उतरते तेथून माणूस चढते." सुकलेल्या, काळ्या लेंड्यांची एक ओळ दगडांमधून वर वर गेलेली दिसत होती. ती पायवाट नव्हती, पण जिथे बकरीने पाय ठेवला होता तिथे दगड हलत नव्हता, एवढे खरे. आम्ही दोन दुपट्टे आणि तीन ओढण्या एकमेकींना बांधल्या, १४ वर्षांच्या मुलाला आणि एका तरुणाला आधी वर पाठवले, आणि मग एकेकाने चढायला सुरुवात केली. आजींना दोघांनी खालून खांद्यांवर पाय देऊन वर सरकवले. साधारण तीन मजले उंचीची ती चढण पूर्ण व्हायला ४० मिनिटांहून अधिक वेळ लागला. शेवटचा माणूस मी होतो. मी पहिल्या दगडावर पाय ठेवला तेव्हा लाटेचे पाणी माझ्या घोट्यांना लागत होते. वर पोहोचून खाली पाहिले, तर आम्ही जिथे उभे होतो तिथे वाळूचा कणही दिसत नव्हता.

पुढे गेलेले नऊ जण

या प्रकरणातला सर्वाधिक धोक्याचा क्षण मी पाहिलेला नाही, कारण तो पलीकडच्या पुळणीवर घडला. पुढचे नऊ जण तिथे माडाच्या सावलीत बसून आमची वाट पाहत होते. पाऊण तास झाला तरी कोणी येईना, तेव्हा त्यांच्यात दोन तट पडले. काहींना वाटले आम्ही कंटाळून परत फिरलो असू, काहींना वाटले काही अघटित घडले आहे. अशा वेळी काय करायचे हे आधी ठरलेलेच नव्हते, त्यामुळे ज्याला ज्याची अधिक काळजी होती, त्याने त्याप्रमाणे केले. दोन तरुण, ज्यांतल्या एकाची आई आमच्याबरोबर होती, दुसऱ्या टोकाकडे परत आले आणि सव्वादहाच्या सुमारास त्यांतला एक पाण्यात उतरला. लाटेने त्याला खडकावर फेकले. गुडघा फुटला, पण सुदैवाने लाट परतताना त्याच्या हाती खडकाची कपार लागली आणि सोबत्याने त्याला वर ओढले. नीट पोहणारा आमच्यात एकही नव्हता. विहिरीत पोहायला शिकलेले दोघे-तिघे होते, पण विहिरीच्या पाण्याला लाट नसते.

अडकलेले वर सुरक्षित निघाले असताना त्यांना शोधायला गेलेला बुडावा, असे घडता घडता राहिले. मागे पडलेल्यांसाठी परत फिरायचे की नाही, किती वेळ थांबायचे, कोणत्या ठिकाणी सर्वांनी जमायचे, हे निघण्यापूर्वी दोन मिनिटांत ठरवता आले असते. आमच्या पायी वारीत तो नियम असतो. चुकलेला माणूस पुढच्या मुक्कामाच्या मंदिरात थांबतो. तोच नियम आम्ही समुद्रावर नेला नाही, कारण "एका सरळ किनाऱ्यावर माणूस चुकेल कसा" असे आम्हाला वाटले.

सड्यावर

कड्यावर पोहोचल्यावर सुटलो असे वाटले, पण वरती जांभ्याचा सडा, म्हणजे उघडे दगडी पठार, पसरला होता. एकही झाड नाही, तांबड्या-काळ्या दगडातून आग वर येत होती. हवेत तापमान ३२-३३ अंशांहून अधिक नसावे. आमच्याकडे इतके तापमान म्हणजे सुखाचा दिवस. तरीही अर्ध्या तासात माणसे गळून गेली. विदर्भातली हवा कोरडी असते, तिथे घाम आला की लगेच वाळतो आणि वाळताना अंग थंड करतो. किनाऱ्यावरची हवा आधीच पाण्याने भरलेली असते, त्यामुळे घाम नुसता निथळत राहतो, अंगातले पाणी जाते आणि गारवा मात्र मिळत नाही. माणशी एक लिटर पाणी तोवर संपले होते. शिदोरीत भाकरी, ठेचा आणि जवसाची चटणी होती. ती खाल्ली तेव्हा तहान आणखी वाढली.

५८ वर्षांच्या एका काकाजींना थरथर सुटली, अंगाला गार घाम आला आणि ते असंबद्ध बोलू लागले. सर्वांना वाटले ऊन लागले. सोबत असलेल्या त्यांच्या सुनेने मात्र सांगितले की त्यांना मधुमेह आहे, सकाळी गोळी घेतली आणि गडबडीत न्याहारी केलीच नाही. त्यांची साखर उतरली होती. ते शुद्धीवर होते आणि गिळू शकत होते, म्हणून शिदोरीतला गूळ त्यांच्या तोंडात दिला. दहा-पंधरा मिनिटांत ते सावरले. ऊन लागल्याच्या समजुतीने आम्ही त्यांना नुसते पाणी पाजून झोपवून ठेवले असते तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. चालायला निघणाऱ्या माणसांची औषधे, आजार आणि न्याहारी झाली की नाही, ही आयोजकाने विचारण्याची गोष्ट आहे. मी कोणालाच विचारले नव्हते, कारण सगळे ओळखीचे होते.

दुपारी पाऊणच्या सुमारास एक वाडी लागली. पहिल्याच घरातल्या वहिनींनी आमच्याकडे एकदा पाहिले आणि काही न विचारता घागर आणून ठेवली, मग कोकमाचे सरबत केले. त्यांच्या मुलाने दुचाकीवरून जाऊन पलीकडच्या पुळणीवरच्या नऊ जणांना निरोप दिला. दोन वाजायच्या थोडे आधी २४ जण एका अंगणात आले. मी तीन वेळा डोकी मोजली. चिरलेले तळवे आणि फुटलेला गुडघा यांवर जवळच्या सरकारी दवाखान्यात पट्ट्या बांधून घेतल्या, धनुर्वाताची इंजेक्शने दिली गेली. एकाचा घोटा मुरगळला होता.

पाण्याचा हिशेब

संध्याकाळी घरमालक काकांना सर्व सांगितले, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी भिंतीवरची दिनदर्शिका काढून आमच्यापुढे ठेवली आणि किनाऱ्यावरच्या लोकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनला भरती आणि त्यापासून सहा तासांवर, नवाला सुकती. अष्टमीला सहाला भरती, बाराला सुकती. पौर्णिमा-अमावस्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागतो, आणि तो दिवसाला जसा, तसाच रात्रीला. हा ढोबळ हिशेब आहे, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो. नेमक्या वेळा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यांत असतात. पण ज्याच्याजवळ फक्त दिनदर्शिका आहे, त्यालाही या हिशेबाने मोठी चूक टाळता येते. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, कारण चंद्र रोज तेवढा उशिरा उगवतो, आणि हे तर शेतात जागल करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट पाण्याच्या उंचीची. पौर्णिमा आणि अमावस्येच्या आसपास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, म्हणून पाणी सर्वात वर चढते आणि सर्वात खाली जाते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास ही ओढ काटकोनात येते आणि चढउतार कमी राहतो. त्याला भांग म्हणतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी पाणी साधारण अडीच मीटर चढते. आम्ही चांदण्यासाठी निवडलेला दिवस हा पंधरवड्यातल्या सर्वात मोठ्या भरतीच्या दिवसांपैकी एक होता.

तिसरी गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळेच पुढचे नऊ जण हसत गेले आणि मागचे १५ अडकले. पाणी सहा तास चढते, पण सारख्या गतीने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग चढतो. त्या दिवशी सुकती साडेपाचच्या सुमारास होती. पूर्ण चढ २४० सेंटिमीटर धरला तर साडेसहापर्यंत पाणी फक्त २० सेंटिमीटर वर आले, साडेसातपर्यंत आणखी ४०. यानंतरच्या दोन तासांत मात्र ते १२० सेंटिमीटर चढले, म्हणजे जवळजवळ माणसाच्या छातीएवढे. आम्ही ७ वाजून ४० मिनिटांनी निघालो, म्हणजे समुद्र सर्वात वेगाने चढण्याचे दोन तास आम्ही नेमके चालण्यासाठी वापरले. सहाला निघालो असतो तर आठच्या आत दोन्ही टोके कोरड्या पायांनी पार झाली असती.

शेतकऱ्याच्या मापाने सांगायचे तर किनाऱ्याचा उतार चाळीस फुटांना एक फूट असेल, तर आठ फूट चढणारे पाणी तीनशे वीस फूट वाळू गिळते. सपाट पुळणीवर हे माणसाच्या लक्षात येते, कारण वाळू डोळ्यांदेखत अरुंद होते. खडकाच्या टोकाशी मात्र पाणी आडवे पसरत नाही, सरळ उभे वाढते, आणि तिथे अर्ध्या तासाचा उशीरही पुरेसा ठरतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही हेदवीला बामणघळ पाहायला गेलो. काळ्या खडकातली ती अरुंद घळ आम्ही आदल्या संध्याकाळी सुकतीच्या वेळी पाहिली होती, तेव्हा तळाशी थोडेसे पाणी हलत होते आणि मुलांनी "यात पाहण्यासारखे काय" असे विचारले होते. आता भरतीचे पाणी त्या फटीत घुसून गडगडाट करत उंच उसळत होते. ज्या वहिनींच्या तळव्यांना पट्ट्या होत्या, त्या सर्वांपेक्षा मागे उभ्या होत्या. कोणीही त्यांना पुढे या म्हटले नाही.

पुढच्या वर्षीची पायपीट

गावी परतल्यावर वाचनालयात बैठक झाली. सहली बंद कराव्यात, असे काहींचे म्हणणे पडले. त्यांची काळजी मला मान्य होती, निष्कर्ष मान्य नव्हता. समुद्र पाहून आलेल्या आजी तो विषय निघाला की अजूनही खेकड्यांच्या नक्षीबद्दल बोलतात, आणि चुकलेल्या हिशेबासाठी हा आनंद बंद करणे मला अन्यायाचे वाटले. पुढच्या वर्षी त्याच वाटेने पुन्हा जायचे ठरले. या वेळी माघ वद्य अष्टमी निवडली. भरती सकाळी सहाच्या सुमारास, सुकती बाराच्या सुमारास, त्यातही भांगाचे पाणी, म्हणून निघण्याची वेळ साडेनऊ. ऊन लागेल हे मान्य करून पाणी माणशी तीन लिटर घेतले, शिवाय साखर-मिठाच्या पुड्या. एक लिटर पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, या मापाने त्या घरीच बांधल्या. पुढे एक, मागे एक अशी शिट्टीवाली माणसे ठरली आणि प्रत्येक खडकाळ टोकाच्या अलीकडे सर्वांनी जमल्याशिवाय कोणी पुढे जायचे नाही, हा नियम झाला. चुकामूक झाल्यास परत फिरायचे नाही, वरच्या वाडीवर जायचे. तटरक्षक दलाचा १५५४ आणि आपत्कालीन ११२ हे क्रमांक सर्वांच्या मोबाइलमध्ये घातले, आणि रेंज कुठे आहे नि कुठे नाही हे घरमालक काकांना विचारून कागदावर उतरवून घेतले.

साडेदहाला आम्ही पहिल्या टोकापाशी पोहोचलो. खडक कोरडे होते. सगळे जमले, डोकी मोजली आणि मी पुढे चला म्हणणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "थांबा गुर्जी. त्या बाया कुठं हायेत?" कालवे फोडणाऱ्या बायका कुठेच नव्हत्या. मागच्या वर्षी त्या निघून गेल्या आणि आम्ही अडकलो, हे काकू विसरल्या नव्हत्या. हिशेब बरोबर असल्याची मला खात्री होती, तरी मी तो त्यांना समजावत बसलो नाही. दोघे तरुण वरच्या वाडीवर विचारायला गेले आणि आम्ही २१ जण माडाखाली थांबलो. ते वीस मिनिटांनी परत आले. वाडीतल्या एका आजींनी सांगितले होते की वाट मोकळी आहे, दुपारी दोनपर्यंत निवांत जा. बायका आल्या नाहीत याचे कारण वेगळे होते. भांगाचे पाणी फारसे खाली जात नाही, कालवे उघडी पडत नाहीत, म्हणून अष्टमीला त्या येतच नाहीत, त्या उधाणाच्या सुकतीला येतात.

काकूंनी ते पुन्हा एकदा सांगायला लावले, नीट ऐकून घेतले, आणि मग पदर खोचून खडकावर पाय ठेवला.